इमारतीचा जीवनचक्र खर्च आणि भरवशाच्या नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारती सांभाळणाऱ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. एकाच गोष्टीचा दोनदा पाढा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पैशांचे आकडे मुद्दाम कुठल्याच चलनात नाहीत, नुसती एककं आहेत.

१. जीवनचक्र खर्च म्हणजे नक्की काय? बांधायचा खर्च आणि वरची देखभाल, एवढंच ना?

जवळजवळ एवढंच. पण "वरची देखभाल" या दोन शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. इमारत किंवा तिच्यातली एखादी वस्तू (छताचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, पंप) घेण्यापासून ती काढून टाकेपर्यंत जाणारा सगळा पैसा यात येतो: खरेदी आणि बसवणं, वीज-पाणी, साफसफाई, नेहमीची देखभाल, मधूनच निघणारी मोठी दुरुस्ती, आयुष्य संपल्यावरची बदली आणि शेवटी तोडून विल्हेवाट. हे खर्च वेगवेगळ्या वर्षांत होतात, म्हणून ते आजच्या किमतीत आणून मग बेरीज करतात (उदाहरण प्रश्न ४ मध्ये).

हा हिशेब बहुतेक वेळा दोन-तीन पर्यायांतून एक निवडायला करतात. त्यामुळे सगळ्या पर्यायांत सारखेच येणारे खर्च सरळ गाळावेत. रखवालदाराचा पगार दोन्हीकडे तोच असेल, तर तो मांडून कागद कशाला वाढवायचा?

२. लाइफ सायकल कॉस्ट, होल लाइफ कॉस्ट आणि एलसीए (लाइफ सायकल असेसमेंट) हे एकच का?

नाही. पहिल्या दोघांतला फरक आयएसओ १५६८६-५ या मानकात दिला आहे (पहिली आवृत्ती २००८, सुधारित २०१७). लाइफ सायकल कॉस्टमध्ये बांधकाम, वापर, देखभाल आणि अखेरची विल्हेवाट येते. होल लाइफ कॉस्टचा पसारा मोठा: जमीन, कर्जावरचं व्याज, भाड्याचं उत्पन्न वगैरेही त्यात धरतात. एलसीएमध्ये पैसा येतच नाही. तिथे कार्बन आणि पर्यावरणावरचा बाकीचा भार मोजतात. मात्र तिन्हींना कच्चा माल एकच लागतो, कुठली वस्तू किती आहे आणि किती वर्षं टिकते. नोंदी एकदा नीट केल्या की तिन्हीकडे चालतात.

३. "बांधायला १, सांभाळायला ५, आत चालणाऱ्या कामाला २००" हे प्रमाण खरं आहे का?

प्रेझेंटेशनमध्ये हे प्रमाण हमखास दिसतं. ते आलं १९९८ साली ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातून, ऑफिसच्या इमारतींबद्दल. त्यातला २०० म्हणजे मुख्यतः आत बसणाऱ्या माणसांचे पगार. पुढे २००४ मध्ये रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी या आकड्यांमागचा डेटा शोधून पाहिला, तर त्याचा माग लागला नाही. त्यांनी स्वतः उदाहरण घेऊन हिशेब मांडला, तेव्हा प्रमाण १ : ०.४ : १२ च्या आसपास आलं.

पाचाचे ०.४ झाले! कुठली इमारत, किती वर्षं, बांधकामाच्या खर्चात काय धरलं आणि पुढचे खर्च आजच्या किमतीत आणले का, यावर सगळं फिरतं. सांभाळण्याचा खर्च लक्षात घ्यायलाच हवा, यात वाद नाही. फक्त उसन्या गुणोत्तरावर आपलं बजेट बांधू नका.

४. हिशेब प्रत्यक्ष कसा मांडतात? सूत्र नको, उदाहरण द्या.

छताचं वॉटरप्रूफिंग घेऊ. पर्याय "अ": आज १०० एकक, टिकतं १० वर्षं. पुन्हा करताना जुना थर खरवडून काढावा लागतो, म्हणून तेव्हा १२० लागतात. दरवर्षी देखभाल ४. पर्याय "ब": आज १६०, टिकतं २० वर्षं, दरवर्षी देखभाल ३. काळ २० वर्षं, पुढचे खर्च आजच्या किमतीत आणायचा दर महागाई वगळून ४ टक्के.

१० वर्षांनी लागणारे १२० आजच्या किमतीत ८१ होतात, कारण आज ८१ बाजूला ठेवले तर ४ टक्क्यांनी ते दहा वर्षांत १२० होतील. दरवर्षीचा १ असा २० वर्षांचा खर्च आज १३.५९ भरतो. म्हणजे "अ" ची बेरीज १०० + ८१ + ५४ = २३५. "ब" ची १६० + ४१ = २०१. "ब" घ्यावं, सरळ आहे.

आता गंमत बघा. "अ" चं आयुष्य १० ऐवजी १३ वर्षं निघालं तर? बदली १३ व्या वर्षी होईल, आणि विसाव्या वर्षी त्या दुसऱ्या थराची ६ वर्षं शिल्लक राहतील. त्यांची किंमत वजा करायची. बेरीज येते २०१. दोन्ही पर्याय सारखे! पहिल्या खेपेला ३४ एककांचा दिसलेला फरक आयुष्याच्या अंदाजातल्या तीन वर्षांनी खाऊन टाकला. म्हणून "१० वर्षं" हा आकडा कुठून आला, हा प्रश्न सगळ्या टक्केवारीच्या आधी विचारावा (प्रश्न ७ पाहा).

५. दर किती टक्के धरायचा? महागाई त्यात घ्यायची का?

दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर, फक्त त्यांची खिचडी करू नये. एक, सगळे खर्च आजच्या भावाने मांडायचे आणि दर महागाई वगळून घ्यायचा. दुसरी, प्रत्येक खर्च महागाईने फुगवायचा आणि दरही महागाईसकट घ्यायचा. बँकेचा दर ९ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल तर महागाई वगळून दर १.०९ भागिले १.०५, म्हणजे सुमारे ३.८ टक्के. आजच्या भावाचे खर्च आणि ९ टक्के दर अशी सरमिसळ केली की पुढचे खर्च फुकटात स्वस्त दिसतात. ही चूक मला इतक्या शीटमध्ये दिसली आहे की आता मी आधी तोच रकाना उघडतो.

दराने निकाल पालटू शकतो. प्रश्न ४ मधलं उदाहरण ८ टक्क्यांनी केलं तर "अ" १९५ आणि "ब" १८९. १२ टक्क्यांनी "अ" १६९, "ब" १८२; म्हणजे आता "अ" स्वस्त. संस्थेचा ठरलेला दर असेल तर तोच वापरा. ब्रिटनच्या अर्थखात्याने सरकारी प्रकल्पांसाठी बरीच वर्षं महागाई वगळून ३.५ टक्के आणि ३० वर्षांनंतरच्या काळासाठी त्याहून कमी दर ठेवला आहे. ठरलेला दर नसेल तर कमी, मधला आणि जास्त असे तीन धरून पाहा आणि तिन्ही निकाल वर पाठवा.

विजेचं वेगळं असतं. तिचा भाव बाकीच्या महागाईच्या पुढे-मागे पळू शकतो, म्हणून विजेची ओळ वेगळी ठेवून तिला वेगळी वाढ द्यावी.

६. किती वर्षांचा हिशेब करायचा?

तुम्ही ती इमारत जितकी वर्षं वापरणार तितक्या वर्षांचा. वस्तू लहान असेल तर सगळ्यात जास्त टिकणाऱ्या पर्यायाच्या आयुष्याइतका पुरतो. साठ वर्षांचा हिशेब भारदस्त दिसतो खरा, पण ४ टक्क्यांनी साठाव्या वर्षीच्या १०० ची आजची किंमत साडेनऊ असते; तिथली चूक निकालाला धक्का लावत नाही. कस लागतो तो पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या खर्चांवर.

७. कंपनी म्हणते २५ वर्षं टिकेल. तेवढंच धरू का?

आधी कंपनीला विचारा की २५ वर्षांनी नक्की काय होतं. वॉरंटी, चाचणीतलं आयुष्य आणि छपरावरचं आयुष्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एलईडी दिव्याचं घ्या. "५०,००० तास" म्हणजे बहुधा प्रकाश ७० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. दिवा तोवर चालूच असतो. उलट दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग) त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतो, आणि ड्रायव्हर आतच बसवलेला असेल तर अख्खी फिटिंग बदलावी लागते. शिवाय हे तास कुणी बसून मोजलेले नसतात. टीएम-२१ या प्रचलित पद्धतीत चाचणीच्या काळाच्या सहा पटींपलीकडे अंदाज ताणू देत नाहीत. ६,००० तासांची चाचणी असेल तर ३६,००० तासांपर्यंतच. दिवसाला १२ तास दिवा लागला तर हे झाले जेमतेम सव्वाआठ वर्षं.

आयएसओ १५६८६ मालिकेत यासाठी एक साधी रीत आहे. एक संदर्भ-आयुष्य घ्यायचं आणि त्याला सात गोष्टींच्या गुणकांनी गुणायचं: मालाचा दर्जा, डिझाइन, बसवण्याच्या कामाचा दर्जा, आतलं वातावरण, बाहेरचं हवामान, वापर आणि देखभाल. समजा संदर्भ २० वर्षं. काम थोडं ढिसाळ झालं म्हणून ०.९, बाहेर खारी हवा म्हणून ०.८, देखभाल चांगली म्हणून १.१, बाकीचे १. गुणाकार ०.७९, म्हणजे १६ वर्षांच्या आतबाहेर. गुणक अंदाजानेच ठरतात हे मान्य, पण प्रत्येक अंदाज का केला ते कागदावर राहतं आणि दुसरा माणूस तो तपासू शकतो.

यापेक्षा चांगला पुरावा तुमच्याच इमारतीत असतो: मागचा थर कधी घातला आणि कधी गळायला लागला. दुर्दैवाने हीच तारीख कुठे लिहिलेली नसते.

८. कमीत कमी कोणत्या नोंदी ठेवल्या तर हिशेब विश्वासाने करता येईल?

लोक शंभर रकान्यांचा तक्ता आखतात, त्यातले सात भरतात आणि उरलेले रिकामे बघून आठवड्याभरात सगळंच सोडून देतात. मी कुणालाही सुरुवातीला एवढंच मागतो: वस्तूचा कायमचा क्रमांक, ती कुठे आहे, काय प्रकारची आहे (कंपनी, मॉडेल, क्षमता), कधी बसवली, बदलायला आज किती लागतील, आणि आजची अवस्था व ती कुणी कधी पाहिली. सातवा रकाना चालू तासांचा, पण फक्त मोटर, पंप, पंखे यांच्यासाठी.

कायमचा क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. तो वस्तूवर चिकटवलेला हवा आणि नोंदीतही तोच हवा. "तळघरातला डावीकडचा पंप" हे नाव माणूस बदलेपर्यंतच चालतं, कारण डावीकडे म्हणजे दाराकडे तोंड करून की पाठ करून हे त्याच्याबरोबरच जातं. वस्तू बदलली की तिचा क्रमांक नव्या वस्तूला देऊ नका. जागेला वेगळा क्रमांक, वस्तूला वेगळा. नाहीतर दोन पंपांचा इतिहास एकाच्या नावावर जमा होतो आणि नवा पंप तिसऱ्या महिन्यातच म्हातारा दिसतो.

चालू तासांवर माझा इतका भर का? १० किलोवॅटच्या दोन मोटर, एकीची कार्यक्षमता ९० टक्के, दुसरीची ९३. वर्षाला ६,००० तास पूर्ण भाराने चालली तर दुसरी सुमारे २,१५० युनिट वाचवते. तीच मोटर स्टँडबायला असेल आणि वर्षाला ३०० तासच चालत असेल तर वाचतात १०८. पहिल्या जागी महाग मोटर किंमत भरून काढते, दुसऱ्या जागी नाही. तासांची नोंद नसेल तर दोन्ही जागा कागदावर सारख्याच दिसतात.

९. आमच्याकडे दुरुस्तीची नोंदवही वर्षानुवर्षं भरलेली आहे. मग डेटा आहेच ना?

वही उघडून एक पान वाचा. मी एकदा अशाच जाडजूड वहीवर हिशेब करायला बसलो होतो. सुरुवातीच्याच एका पानावर ओळ होती: "पंप बंद होता. चालू केला." पुढच्या आठवड्यात तीच ओळ, त्याच वळणदार अक्षरात. वर्षभरात चौदा वेळा. कुठला पंप, का बंद पडला, किती वेळ बंद होता, काय बदललं, काही नाही. मशिन रूममध्ये पंप होते पाच. चौदाही खेपांना एकच पंप असेल तर तो बदलायला हवा होता. पाचांत वाटून असतील तर दोष बहुधा पॅनेलमध्ये किंवा व्होल्टेजमध्ये. वहीवरून यातलं काहीच सांगता येईना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

उपाय साधा आहे. मोकळ्या मजकुराबरोबर तीन गोष्टी सक्तीच्या करा: वस्तूचा क्रमांक, काय बिघडलं, काय केलं. शेवटच्या दोन्ही ठरलेल्या यादीतून निवडायच्या, आणि यादी दहा-बारा ओळींची असू दे. साठ ओळींची यादी दिली की सगळे "इतर" निवडतात. आणि ही नोंद जो पाना धरतो त्यानेच करावी, संध्याकाळी ऑफिसात बसून दुसऱ्याने नव्हे.

१०. इमारत जुनी आहे, कागद काहीच नाहीत. सुरुवात कुठून करू?

पायांनी. वही घेऊन गच्चीपासून तळघरापर्यंत चाला. सगळं मोजू नका. ज्या वस्तू बदलायला महाग आहेत किंवा ज्यांच्या बंद पडण्याने लोकांचा खोळंबा होतो, त्या आधी. बहुतेक इमारतींत ही यादी छत, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, पाण्याचे पंप आणि टाक्या, वातानुकूलन, मुख्य वीजपुरवठा आणि अग्निशमन यांत संपते. प्रत्येकाच्या नेमप्लेटचा फोटो काढा. प्लेटवर बनावटीचं वर्ष बहुधा असतं. पुसलेलं असेल तर सीरियल क्रमांकावरून कंपनी सांगू शकते.

बसवल्याचं वर्ष माहीत नसेल तर अंदाज लिहा, पण शेजारी "अंदाज" असंही लिहा. यासाठी एका अक्षराचा रकाना ठेवा: "क" म्हणजे कागद पाहिला, "प" म्हणजे प्लेट पाहिली, "स" म्हणजे कुणीतरी सांगितलं, "अ" म्हणजे अंदाज. पुढे हिशेब करताना हे एक अक्षर फार कामाला येतं (प्रश्न १६).

११. इमारत नवी आहे. कंत्राटदाराने हँडओव्हरला ढीगभर पीडीएफ दिल्या आहेत. पुरेल का?

पीडीएफ वाचायला ठीक, हिशेबाला निरुपयोगी. तुम्हाला हवा तो तक्ता: प्रत्येक वस्तूची एक ओळ. यासाठी कोबी नावाची रचना आहे, २००७ च्या सुमारास यूएस आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्समध्ये तयार झालेली. साध्या स्प्रेडशीटमध्येही ती बसते. तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे "प्रकार" आणि "घटक" यांची फारकत. एकाच मॉडेलचे चाळीस पंखे असतील तर मॉडेलची माहिती, वॉरंटी आणि सुटे भाग एकदाच "प्रकार" मध्ये लिहायचे. चाळीस "घटक" ओळींत फक्त सीरियल क्रमांक, जागा आणि बसवल्याची तारीख. मॉडेलमधली चूक एका जागी दुरुस्त केली की चाळीस ठिकाणी होते.

खरी गोम वेळेची आहे. हँडओव्हरच्या दिवशी हा तक्ता मागितला तर कंत्राटदाराचा एक पोऱ्या रात्रभर बसून खरेदीच्या यादीतून तो भरतो, आणि यादीतले सगळे नग बसवलेलेच असतात असं नाही. काय माहिती हवी, कोणी, कधी द्यायची हे करारातच असायला हवं. आयएसओ १९६५० मालिकेचा सगळा भर यावरच आहे. तिचा तिसरा भाग (२०२०) इमारत वापरात असतानाच्या माहितीबद्दल आहे. आणि शेवटच्या बिलाची थोडी रक्कम या तक्त्यासाठी राखून ठेवा. तक्ता बरा येतो.

१२. नोंदी बरोबर आहेत हे ओळखायचं कसं?

दोन फेऱ्या मारा. पहिली, यादीतून डोळे मिटून तीस ओळी निवडा आणि त्या वस्तू जागेवर जाऊन शोधा. दुसरी उलटी, इमारतीत दिसेल त्या तीस वस्तूंवर बोट ठेवा आणि त्या यादीत शोधा. पहिल्या फेरीत कागदावरची भुतं सापडतात, दुसरीत यादीबाहेर राहिलेल्या वस्तू. बहुतेक लोक पहिलीच करतात. एका ठिकाणी यादीत अकरा पंप होते आणि जागेवर नऊ. एक फक्त नकाशात होता, आणि एक दोन नावांनी दोनदा मांडला होता. म्हणजे बदलीच्या बजेटमध्ये दोन पंप जास्त, आणि ही गोष्ट चार वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

तिसांत एक-दोन चुका निघाल्या तर दुरुस्त करून पुढे जा. सात-आठ निघाल्या तर हिशेब थांबवा आणि आधी यादी करा.

१३. मीटरचे आकडे तरी खरे मानायचे ना?

तीन ठिकाणी फसगत होते. पहिलं, रिकामं आणि शून्य. मीटरचा संपर्क तुटला आणि सिस्टीमने त्या दिवसांना ० लिहिलं, तर वर्षाची बेरीज कमी येते आणि इमारत काटकसरी ठरते. नोंद नाही तिथे रिकामंच राहू द्या. दुसरं, मीटर बदलताना जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग लिहायला विसरणं. तिसरं, सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मर, तारेतला मोठा प्रवाह ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला देणारा) प्रमाण. तारेवर २००/५ चा सीटी आणि मीटरमध्ये १००/५ भरलेलं असेल तर वापर नेमका निम्मा दिसतो. म्हणून सगळ्या उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळते का, ते महिन्यातून एकदा पाहा. थोडा फरक राहणारच. निम्मा-दुप्पट फरक दिसला की आधी सीटी तपासा.

१४. मागच्या पाच वर्षांत देखभालीवर फार कमी खर्च झाला. तोच आकडा पुढे धरू का?

धरू नका, निदान कारण कळेपर्यंत तरी. कमी खर्चाची दोन कारणं असतात: वस्तू चांगल्या आहेत, किंवा कुणी त्यांना हातच लावलेला नाही. वहीत दोन्ही सारखीच दिसतात. तुंबलेली दुरुस्ती मोजायला एक निर्देशांक वापरतात, एफसीआय: राहून गेलेल्या दुरुस्तीचा खर्च भागिले इमारत नव्याने उभारण्याचा आजचा खर्च. रूढ संकेत असा की ०.०५ च्या आत चांगलं, ०.१० पर्यंत बरं, त्यापुढे वाईट. पण हा आकडा तपासणी करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. दोन वर्षी दोन वेगळी माणसं पाठवली तर इमारत बदलली की माणूस, ते कळत नाही.

१५. दोन यंत्रांची आयुष्यं वेगळी आहेत, ८ आणि १३ वर्षं. तुलना कशी करायची?

प्रत्येकाचा खर्च वर्षाच्या समान हप्त्यात बदला आणि हप्त्यांची तुलना करा. कर्जाच्या हप्त्याचं जे गणित असतं तेच. किंवा काळ एकच धरून, शेवटी उरलेल्या आयुष्याची किंमत वजा करा, जशी प्रश्न ४ मध्ये केली. आठ वर्षांचा एक आकडा आणि तेरा वर्षांचा दुसरा नुसते शेजारी ठेवू नका, एवढंच.

१६. हिशेबात दोन पर्यायांत ४ टक्क्यांचा फरक आला. स्वस्त तो निवडू का?

शीटमधले आकडे किती खात्रीचे आहेत ते आधी पाहा. प्रश्न १० मधल्या "अ" आणि "स" खुणांच्या ओळी वर-खाली करून बघा: आयुष्य एक-चतुर्थांश कमी, मग जास्त, दुरुस्ती दीडपट, विजेचा भाव वाढलेला. पहिला क्रमांक वारंवार बदलत असेल तर हे पर्याय सारखे समजा आणि निवड दुसऱ्या कारणावर करा: सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती करणारा माणूस जवळ आहे का, आवाज किती. निकाल कशानेच हलत नसेल तर ४ टक्क्यांचा फरकही खरा मानायला हरकत नाही. ज्या एका आकड्याने निकाल हलतो, तो खरा करून घेण्यात दोन दिवस घालवा. बाकीचे अंदाजे राहिले तरी चालतील. आणि कृपा करून निकाल दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापू नका.

१७. चिलर (वातानुकूलनाचं पाणी थंड करणारं यंत्र) बदलायचा विचार आहे, पण मागच्याच वर्षी त्याचा कॉम्प्रेसर बदलला. तो पैसा वाया जाईल ना?

तो गेला. पुढच्या हिशेबात त्याला जागा नाही. जागा आहे ती त्याच्या परिणामांना: नव्या कॉम्प्रेसरमुळे जुना चिलर आणखी किती वर्षं चालेल, दुरुस्ती किती कमी होईल, काढून विकला तर काय येईल. बरेचदा या मुद्द्यांवरच जुना चिलर राखणं योग्य ठरतं. फक्त ते "एवढा खर्च केलाय म्हणून" ठरू नये.

१८. टेंडरमध्ये सगळ्यात कमी किंमत घ्यावी लागते. मग या हिशेबाचा उपयोग काय?

आधी नियम नीट वाचा, "सगळ्यात कमी" कशाचं ते तिथे लिहिलेलं असतं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात जीवनचक्र खर्चावर तुलना करायला स्पष्ट मुभा आहे. अट अशी की कुठली माहिती द्यायची आणि कुठल्या पद्धतीने मोजणार, हे टेंडरच्या कागदातच सांगितलं पाहिजे. ही अट सगळीकडेच शहाणपणाची आहे. टेंडरं उघडल्यावर पद्धत ठरवली तर हरलेला प्रत्येक जण भांडेल, आणि त्याचं बरोबर असेल.

नियम खरंच हात बांधत असतील तर हा हिशेब टेंडरच्या आधी करा आणि निकाल तपशिलात उतरवा: किमान कार्यक्षमता, किमान वॉरंटी, सुटा बदलता येणारा ड्रायव्हर. मग कमीत कमी किमतीतही बरी वस्तू येते.

१९. बांधणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. स्वस्त पंप घेतल्याचा भुर्दंड आम्हाला. काय करावं?

एकाच हिशेबाचे दोन रकाने करा, कुणाच्या खिशातून किती. एकूण बेरजेत चांगला पंप स्वस्त असला तरी बांधणाऱ्याच्या रकान्यात तो महागच दिसणार, आणि तो नाही म्हणणार. त्यात त्याचा दुष्टपणा नाही. फरकाचा काही भाग वापरणाऱ्याने सुरुवातीलाच उचलला तर बोलणी पुढे सरकतात. रकाने नसतील तर चर्चा "दर्जा" या शब्दाभोवती फिरत राहते.

२०. वस्तू चांगली चालू आहे, पण सुटे भाग बंद झाले. आयुष्य संपलं म्हणायचं का?

हिशेबापुरतं, बरेचदा हो. लिफ्टचे कंट्रोलर, अग्निशमनाची पॅनेलं आणि बिल्डिंग ऑटोमेशन यांचं आयुष्य यंत्राच्या झिजेपेक्षा सर्किट बोर्ड आणि सॉफ्टवेअर मिळेनासं होण्याने संपतं. म्हणून अशा वस्तूंच्या ओळीत "सुटे भाग कुठल्या वर्षापर्यंत" हा एक रकाना जोडा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

२१. इमारत सात वर्षांनी पाडणार आहेत. तरी हा सगळा खटाटोप करायचा का?

छोटासा करायचा. प्रश्न ४ मधलंच वॉटरप्रूफिंग सात वर्षांसाठी मांडलं तर "अ" १२४ आणि "ब" १७८. "अ" वर समाधान माना. पण पाडायच्या तारखा पुढे सरकतात. इमारत अकराव्या वर्षीही उभी राहिली आणि दहाव्या वर्षी "अ" पुन्हा करावं लागलं, तर "अ" २१६ वर जातं आणि "ब" १८६ वर राहतं. म्हणून अशा वेळी मी आधी पाडायची तारीख ज्या कागदावर आहे तो कागद मागतो. तारीख नुसती तोंडी असेल तर तिच्यापुढे "स" (प्रश्न १०) लिहितो आणि हिशेब दोनदा मांडून देतो, एकदा सात वर्षांचा, एकदा बारा.